रक्ताचा अहवाल आणि मानेची गाठ

भैंसा परिसरात मुलाच्या मानेवर गाठ दिसली की प्रथम क्षयाचाच विचार होतो, आणि तो गैरही नाही. परंतु विचार तेथेच थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिम्फोमामध्ये सीबीसी पुष्कळदा नॉर्मल असते. वाढलेला ईएसआर क्षयातही आढळतो. मात्र एलडीएच वा युरिक अ‍ॅसिड अकारण वाढलेले असेल, लिम्फोसाइट घटलेले असतील किंवा जंतांच्या औषधानंतरही इओसिनोफिल चढेच राहत असतील, तर बायोप्सी लांबवू नये. रक्त केवळ संशय सुचविते. निदान गाठीच्या तुकड्यातूनच होते. त्याआधी स्टेरॉईड दिल्यास गाठ तात्पुरती विरते आणि निदान हुकते.

पालकांनीही जुने रिपोर्ट जपून ठेवावेत. नव्या आकड्याचा अर्थ जुन्याशी ताडूनच लागतो.

थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये वर्णिलेला लिम्फोमाचा प्रकार आज योग्य उपचारांनी बहुसंख्य मुलांत पूर्ण बरा होतो. हैदराबादच्या एमएनजे कर्करोग रुग्णालयाची वाट पालकांना अवघड वाटते, हे खरे. पण तेथे वेळेवर धाडलेली आपली चिठ्ठी हाच त्या मुलाचा पहिला उपचार होय.