शिक्षेआधी माणूस वाचा

12 फेब्रुवारी 2022. सुरतजवळच्या पासोदऱ्यात एका तरुणाने एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा घरच्यांसमोर गळा चिरला. मोबाइलवर टिपलेले ते दृश्य सुरतच्या लिंबायत-उधन्यातल्या आपल्या खानदेशी घरांतही पोहोचले. ज्याने पाहिले, त्याला त्या रात्री जेवण गेले नसेल. तीन महिन्यांच्या आत, 5 मे रोजी, सुरतच्या सत्र न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली.

खून कोणी केला, हा प्रश्नच नव्हता. फाशी की जन्मठेप, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्याचे उत्तर व्हिडिओत सापडत नाही.

ते शोधायला मेंदूविज्ञान मदत करू शकते. पण आपल्याकडे ते कोर्टात आले ते गुन्हा वदवून घ्यायला. संशयिताच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवायची, डोळे मिटायला लावून ‘मी विष आणले’ अशी वाक्ये ऐकवायची आणि मेंदूच्या लहरींतून ‘अनुभवाची आठवण’ शोधायची. गांधीनगरच्या प्रयोगशाळेत ही चाचणी वर्षानुवर्षे झाली. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात तिचा आधारही घेतला. अखेर 5 मे 2010 रोजी ‘सेल्वी’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूचाचणी करता येणार नाही. ते योग्यच झाले. लहरींचा आलेख म्हणजे कबुलीजबाब नव्हे.

या विज्ञानाची खरी जागा शिक्षेच्या सुनावणीत आहे. तिथे आजही बहुतेकदा काय होते? वकील उठतात : ‘साहेब, वय लहान आहे, घरी म्हातारी आई आहे, पहिलाच गुन्हा आहे.’ एवढ्यावर एका जिवाचा फैसला! लहानपणी मार किती खाल्ला, डोक्याला इजा झाली होती का, फिट येत होती का, शाळा का सुटली, व्यसन कधी लागले, यातले काहीच कागदावर नसते. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, हेही कोणी सांगत नाही.

सुरतच्या निकालानंतर पंधराच दिवसांनी, 20 मे 2022 रोजी, सर्वोच्च न्यायालयातील न्या. उदय लळीत यांच्या पीठाने ‘मनोज’ निकालात हीच उणीव दाखवली. फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात आरोपीचा मानसिक तपासणी अहवाल सरकारने शक्यतो आधीच द्यावा, तुरुंगातल्या वर्तनाचीही माहिती घ्यावी, असे तो सांगतो. 2025 मध्ये नागपूरच्या एका फाशीच्या कैद्याची शिक्षा याच कसोटीवर पुन्हा तपासायचे ठरले.

‘मारेकऱ्याचे बालपण कशाला उगाळता, आमच्या मुलीचे काय?’ असे त्या विद्यार्थिनीच्या घरचे विचारतील. त्यांना तो हक्क आहे. पण अहवाल म्हणजे माफी नव्हे. वेडेपणाच्या बचावासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 ची चौकट कडक आहे आणि ती तशीच राहावी. एमआरआयमधला डाग ‘याने खून का केला’ हे सांगू शकत नाही. विज्ञानानेही ती फुशारकी मारू नये. हा माणूस सुधारू शकेल का, याचा अंदाज मात्र कसलेला मानसतज्ज्ञ कुटुंबाशी, शिक्षकांशी, तुरुंगातल्या लोकांशी बोलून बांधू शकतो. त्याला वेळ हवा.

सुरतची न्यायालये झटपट निकालांसाठी नावाजली जातात. दोषी कोण, हे लवकर ठरलेच पाहिजे. पीडितांच्या घरच्यांना वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणे हाही अन्यायच. पण फाशीच्या आदेशावर सही होण्याआधी तज्ज्ञाला काही आठवडे द्यायलाच हवेत. जन्मठेपेत झालेली चूक पुढे दुरुस्त करता येते. फाशीतली येत नाही.