कुलूप दिसलं म्हणजे दुकानदार खरा, असं नाही!



ट्रेनिंगमध्ये मी नेहमी विचारतो, "साइट खरी आहे हे कसं ओळखता?" उत्तर ठरलेलं : "सर, वरचं कुलूप बघायचं." मीसुद्धा हेच मानायचो. मग एका दिवाळीआधी घाऊक मालाच्या एका साइटवर १८,००० रुपये ॲडव्हान्स भरले. कुलूप होतं. माल अजून यायचाय!

कुलूप खोटं नव्हतं, मीच त्याचा अर्थ चुकीचा लावला. सर्टिफिकेट दोनच गोष्टी सांगतं : वर जो पत्ता दिसतोय त्याच साइटशी तुम्ही जोडलेले आहात, आणि तुमचा पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येणार नाही. म्हणजे चिकटवलेलं पाकीट. वाटेत कुणी फोडणार नाही, पण ज्याच्या हातात पडतंय तोच लबाड असेल तर?

साधं सर्टिफिकेट देताना फक्त डोमेन तुमच्या ताब्यात आहे का, एवढंच तपासतात. धंदा खरा की खोटा, हे नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते फुकट देते, तेही काही मिनिटांत. सोय चांगलीच आहे, पण ती चोरालाही मिळते. लोक कुलपाचा भलता अर्थ लावतात, म्हणून तर गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये कॉम्प्युटरवरच्या क्रोममधलं कुलूप काढून तिथे सेटिंगचं चिन्ह आणलं.

म्हणून माझं स्पष्ट मत : चिन्ह नको, पत्ता वाचा. 'एचटीटीपीएस'पुढच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. 'तुमचीबँक डॉट केवायसी-अपडेट डॉट कॉम' ही साइट बँकेची नाही. 'केवायसी-अपडेट डॉट कॉम' ज्याने घेतलं त्याची आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं. हे शेपूट फक्त बँकांसाठी आहे, ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही.

आता तुमच्या दुकानाची साइट. सर्टिफिकेट नसेल तर क्रोम जुलै २०१८ पासून 'नॉट सिक्युअर' लिहितं, आणि ते वाचून गिऱ्हाईक परत फिरतं. पण म्हणून साध्या साइटच्या सर्टिफिकेटसाठी दरवर्षी हजारो रुपये मोजू नका. होस्टिंगवाल्याला दोनच प्रश्न विचारा : फुकटचं मिळेल का? आणि ते आपोआप रिन्यू होतं का? कारण मुदत संपली, की ब्राउझर थेट धोक्याची सूचना दाखवतो.

आणि हो, साइटवर दुकानाचा पूर्ण पत्ता, फोन आणि जीएसटी नंबर टाका. विश्वास सर्टिफिकेट देत नाही, तो आपल्यालाच कमवावा लागतो.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. मी लाजलो, तीन दिवस घरीही बोललो नाही. तीच खरी चूक.

भेटू पुढच्या व्हिडिओत!