अप्रोचसाठी वेगळी डिस्क घेऊ नका

कसबा बावड्यात राजाराम बंधाऱ्याच्या बाजूला आमच्या चुलत्यांचं एक पडीक रान आहे. त्यात मी एक लोखंडी पाइप रोवलाय. वर सायकलची जुनी रिम, रिमला गुरं बांधायच्या साखळ्या लोंबत सोडलेल्या, खाली वेल्डिंग करून बसवलेली जाळीची पाटी. पहिल्या आठवड्यात येणाजाणाऱ्यांनी विचारलं, "बुजगावणं हाय काय?" तो माझा डिस्क गोल्फचा बास्केट आहे. एकच आहे. बाकीची 'होल्स' म्हणजे आंब्याचं झाड, विजेचा खांब आणि बांधावरचा दगड.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गोल्फसारखाच खेळ, पण चेंडू आणि काठीऐवजी फ्रिसबीची लहान, जड भावंडं. ठरलेल्या जागेवरून फेकायचं, जिथं पडेल तिथून पुन्हा फेकायचं, आणि शेवटी साखळ्यांत आदळून पाटीत पडली की होल संपला. कमीत कमी फेकींत संपवायचा. कॅलिफोर्नियातल्या एड हेड्रिक यांनी 1975 साली तिथं ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमचा कोर्स उभा केला, साखळ्यांच्या बास्केटची कल्पना त्यांचीच, आणि 1976 मध्ये पीडीजीए ही संघटनाही त्यांनीच काढली. 2002 मध्ये ते गेले, तेव्हा त्यांची राख त्यांच्या इच्छेप्रमाणे डिस्कच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली गेली. असो.

मी ऑनसाइटला चौदा महिने शार्लटला होतो, तिथं शिकलो. परत आलो तेव्हा बॅगेत अकरा डिस्क होत्या आणि लॅपटॉपवर एक एक्सेल शीट होती. त्या शीटमध्ये फक्त अप्रोचच्या डिस्कच्या 23 ओळी होत्या. हा लेख त्या शीटच्या विरोधात आहे.

अप्रोच म्हणजे मधली फेक. पहिली लांब फेक झाली, पण अजून टप्प्यात आलो नाही. बास्केट पंचवीस, चाळीस, साठ मीटरवर आहे. इथून डिस्क पाटीत जाईल अशी आशा नसते, दहा मीटरच्या आत थांबली की काम झालं. या फेकीला ताकद लागत नाही, पण सामान्य खेळाडूचे सगळ्यात जास्त शॉट इथंच वाया जातात. त्यामुळे प्रत्येक नवा खेळाडू एक प्रश्न विचारतोच: अप्रोचसाठी कुठला पटर घेऊ?

आणि जवळजवळ सगळे अनुभवी लोक एकच उत्तर देतात. ओव्हरस्टेबल घे. डिस्कक्राफ्टची झोन घे, नाहीतर वेस्टसाइडची हार्प. भरवशाची आहे, वाऱ्यात हलत नाही, दर वेळी ठरलेल्या बाजूलाच जाते.

डिस्क चांगल्याच आहेत. माझं भांडण सल्ल्याशी आहे.

आधी 'ओव्हरस्टेबल' म्हणजे काय ते पाहू. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग भरपूर असेल तोवर हवा तिला उजवीकडे कलवू पाहते. वेग सरला की ती डावीकडे कलून खाली येते. फोरहँडला सगळं उलट. ओव्हरस्टेबल डिस्क अशी बनवलेली असते की ती उजवीकडे जवळजवळ कलतच नाही, आणि शेवटी डावीकडे जोरात ओढ घेते. कंपन्या हे चार आकड्यांत सांगतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण, शेवटची ओढ. झोन आणि हार्प दोन्ही 4, 3, 0, 3. इनोव्हाचा एव्हिअर, म्हणजे जुना, साधा, सरळ जाणारा पटर, 2, 3, 0, 1.

माझी शीट या चार आकड्यांवर उभी होती. पण हे आकडे कुठल्या स्वतंत्र प्रयोगशाळेत मोजलेले नसतात, ज्याचे त्याने ठरवलेले असतात. पीडीजीए डिस्क मंजूर करते ती माप आणि वजन बघून: व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणून पटर साधारण 175 ग्रॅमच्या आसपास थांबतात. ती कशी उडेल याचा दाखला पीडीजीए देत नाही. एका कंपनीचा 2 आणि दुसरीचा 2 यांची तुलना म्हणजे दोन वेगवेगळ्या शाळांतल्या पोरांच्या प्रगतिपुस्तकांची तुलना. ऑफिसात असा डेटा कुणी आणला असता तर मी परत पाठवला असता.

पण खरी गोची आकड्यांपेक्षा हाताची आहे. ती मला शेजारच्या दहावीतल्या पोरामुळे कळली.

तो रोज बांधावर बसून बघायचा. एक दिवस मी बोलावलं आणि सगळ्यांनी मला दिलेला सल्ला त्याला देऊन टाकला: ही घे, ही भरवशाची. बॅकहँड शिकवला. तीस मीटरवरून पहिल्या दहा फेकी, दहाही डावीकडे. मी म्हटलं, थोडं उजवीकडे धर. त्याने धरलं, पाटीच्या जवळ जाऊ लागली. मी खूश. दोन आठवडे असंच चाललं. मग आंब्याच्या दोन फांद्यांमधून सरळ फेकायची वेळ आली आणि त्याला ते जमेचना. शंभर प्रयत्न केले असतील. शेवटी डिस्क माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "दादा, माझा हातच वाकडा हाय काय ओ?" मग काही दिवस आलाच नाही.

हात वाकडा नव्हता. त्या डिस्कला सरळ जायला जेवढा वेग लागतो तेवढा त्याच्या हातात अजून नव्हता, आणि अप्रोचच्या फेकीत तो कुणी लावतही नाही. हळू फेकलेली ओव्हरस्टेबल डिस्क निम्म्याहून जास्त वेळ त्या शेवटच्या ओढीतच असते. म्हणजे आपण नवख्याला अशी डिस्क देतो जी त्याने नीट फेकली तरी डावीकडे जाते, आणि मनगट पिरगळून चुकीची फेकली तरी डावीकडेच जाते. बरोबर आणि चूक यांचं उत्तर एकच येत असेल तर तो शिकणार कशावरून? प्रोग्रॅममध्ये येईल तो एरर गिळून 'सक्सेस' छापणारा कोड आपण लिहितो, तेव्हा सीनियर शिव्या घालतो. इथं त्यालाच आपण भरवसा म्हणतो.

सरळ पटर गय करत नाही. मनगट फिरलं की तो उलटतो, नाक वर राहिलं की हवेत चढून मागे पडतो, आणि नीट सोडला तर चाळीस मीटर दोरी धरल्यासारखा जातो. तीन दिवसांत कळतं की आपण काय करतोय.

जमिनीचंही सांगतो, कारण सल्ला देणारे व्हिडिओ बहुतेक हिरवळीवर चित्रित केलेले असतात. बावड्याची नदीकाठची काळी माती एप्रिलमध्ये फरशीसारखी होते. जोरात कललेली डिस्क कडेवर येऊन आदळते, मग एकतर घसरत जाते नाहीतर चाकासारखी पळते. आमच्याकडे रानाला उतार नदीकडे आहे. पाण्यात आणि उसात मिळून माझ्या चार डिस्क गेल्या, आणि चारही कडेवर पडलेल्या होत्या. उसात गेलेली तोड आल्याशिवाय सापडत नाही. एक सापडली तेव्हा तोडकऱ्यांनी तिच्यात कांदा चिरून ठेवला होता. सपाट पोटावर उतरणारी, मऊ साध्या प्लॅस्टिकची डिस्क या मातीवर त्यातल्या त्यात लवकर थांबते.

आता विरुद्ध बाजू. तिच्यात दम आहे, त्यामुळे ती टाळणार नाही.

एक, वारा. जून-जुलैत इथं पश्चिमेचा वारा सुटतो. समोरून वारा आला की डिस्कच्या दृष्टीने तिचा वेग वाढतो, म्हणून सरळ पटर उजवीकडे उलटतो आणि वर चढतो. अशा दिवशी ओव्हरस्टेबल डिस्क सोपी पडते, हे खरं. दोन, फोरहँड. पंचगंगेच्या काठावर वाढलेल्या पोराला चपटा दगड पाण्यावरून टप्पे खात पाठवता येतोच, आणि तो हात म्हणजेच फोरहँड. फोरहँडमध्ये मनगट जास्त डोकावतं, डिस्क जास्त थरथरते, ती थरथर ओव्हरस्टेबल डिस्क सोसते. आमच्या त्या पोराचा फोरहँड त्याच डिस्कने पहिल्या दिवसापासून झकास होता.

दोन्ही मुद्दे मान्य करूनही मी म्हणतो, वेगळी डिस्क घेऊ नका. एकच सरळ पटर दोन घ्या. तोच साचा, तेच साधं प्लॅस्टिक, तेच वजन, शक्यतो 173 ते 175 ग्रॅम.

याचं कारण विक्रेता क्वचित सांगेल. साधं प्लॅस्टिक झिजतं. नवा कोरा पटर थोडा हट्टी असतो, शेवटी डावीकडे जरा ओढतो. झाडं, दगड, साखळ्या खाऊन पाच-सहा महिन्यांत तो नरम पडतो, सरळ जातो, पुढे उजवीकडेही झुकायला लागतो. म्हणजे एक जपून वापरला आणि एक मरेस्तोवर वापरला की तुमच्याकडे दोन वेगळ्या डिस्क तयार होतात, आणि हाताला दोन्ही सारख्याच लागतात. वाऱ्याच्या दिवशी जपलेला काढायचा, थोडा डावीकडे कलता धरून खालून फेकायचा. बाकी दिवशी जुना. ज्याने पाच मीटरवरून पाटीत टाकता त्यानेच चाळीस मीटरवरून फेकता, त्यामुळे बोटांना दोन कडा, दोन जाड्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. कॅरममध्ये कटला एक आणि डबलला दुसरा स्ट्रायकर खिशातून काढणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

पैशाचं बोलायलाच हवं. इथं डिस्क दुकानात मिळत नाही. बाहेरून मागवली तर टपाल आणि कस्टम धरून मला मूळ किमतीच्या जवळजवळ दुप्पट पडली. दहावीतल्या पोराला तुम्ही 'एक ड्रायव्हर, एक मिडरेंज, एक पटर आणि अप्रोचला एक वेगळी' असं सांगता तेव्हा तुम्ही त्याला हा खेळ तुझा नाही असंच सांगत असता. आणि ते खोटं आहे. डेव्ह डनिपेस यांची तिरक्या कडेची डिस्क 1983 मध्ये आली. त्याआधीचे लोक झेलायच्या साध्या फ्रिसबीने अख्खा राउंड खेळायचे, लांबची फेकही तिनेच आणि शेवटची टपलीही तिनेच.

फोरहँडवाल्यांसाठी एवढंच, की निम्म्या जोरात फेका. पटर उलटला तर हात फिरतोय, डिस्कचा दोष नाही. मलाही हे पटायला महिना लागला, कारण माझा फोरहँड चांगला आहे असा माझा समज होता. तो झोनचा होता.

अकरापैकी चार गेल्या, तीन मित्रांना दिल्या, दोन कपाटात आहेत. उरले दोन एव्हिअर. जुन्यावर आता अक्षरं दिसत नाहीत, कडेला दगडाचे चावे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत पोराला पुन्हा हाक मारली आणि हा दिला. पहिल्या काही फेकी उलटल्या. त्याने डिस्क फिरवून पाहिली, मला काहीच विचारलं नाही, आणि आंब्यापासून पंचवीस पावलं मोजून उभा राहिला. अंधार पडला तरी साखळ्यांचा आवाज येत होता. आई दोनदा गच्चीवरून जेवायला ये म्हणून ओरडली. तो डिस्क घरी घेऊन गेला आहे. मी परत मागितलेली नाही, त्यामुळे सध्या माझ्याकडे एकच पटर आहे आणि तोही अजून जरा नवा आहे.