जुनी गाडी घेतांना

आमचा पुतण्या एटापल्लीकडे नोकरीस आहे. जुनी, चारही चाकांना जोर देणारी गाडी घेऊन ती रानवाटांजोगी करावी, असा त्यानें हट्ट धरला. घरांत दोन पक्ष पडले: एक मारुति जिप्सीचा, दुसरा महिंद्र जीपचा. निवाडा शेवटीं मजकडे आला.

जिप्सी १९८५ सालीं निघाली. पेट्रोलची, वजनानें सुमारें एक टन. महिंद्राची एम. एम. ५४० डिझेलची व अधिक जड. ओझें ओढण्यास डिझेलचा जोर बरा. परंतु पावसाळी चिखलांत जड गाडी लवकर रुतते, आणि त्या रानांत ती काढण्यास माणसें मिळतीलच असें नाहीं. शिवाय ताडोब्याच्या सफारींत जिप्सी चालतात, त्यामुळें तिचे जाणते कारागीर चंद्रपूरकडे सांपडतात. माझें मत जिप्सीकडे पडलें.

मात्र वाचकहो, मोठ्या चाकांचा विचार करण्यापूर्वीं खालचा सांगाडा पाहावा. तो गंजला असेल तर वरचा सारा शृंगार व्यर्थ होय. मग ब्रेक पाहावे. गाडी उंच केली कीं वळणावर कलंडण्याचें भय वाढतें. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें असे फेरफार परवानगीवांचून करतां येत नाहींत. पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी पुन्हां झाली आहे कीं नाहीं, हेंही तपासावें.

एक अट मीं घातली. भामरागडास पर्लकोटेला पूर आला, तर गाडी कितीही बळकट असो, काठींच थांबावयाचें. त्यानें ती मान्य केली, तेव्हां कोठें त्याच्या आईनें पैसे काढून दिले.