शहराचा जमाखर्च

१ जुलै १८२२ रोजी फर्दुनजी मर्झबान यांनी ‘मुंबई समाचार’ काढला, तेव्हा बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ला अद्याप साडेनऊ वर्षांचा अवकाश होता, आणि आरंभी साप्ताहिक असलेले, पुढे दैनिक झालेले हे गुजराती पत्र कोटातील कचेरीतून आजही नित्य निघते, हे मराठी वाचकाने आपल्याच घरचे वैभव मानावे, असे आम्हांस वाटते. जहाजांची आवकजावक, लिलाव, मालमत्तेची खरेदी-विक्री, अफूचे भाव, असा त्याचा आरंभीचा मजकूर पाहिला म्हणजे शहराचा खरा जमाखर्च अग्रलेखांहून अशा रुक्ष याद्यांतच असतो, अशी आमची खात्री पटते. (अग्रलेखकारांनी राग मानू नये, आम्हीही त्याच पंगतीतले.)

छापील दैनिक घरोघरी विरळ होत असताना आणि जुन्या फायली रद्दीच्या तराजूत चढत असताना, प्रस्तुत अंकात आम्ही संपादकांच्या चरित्रांस बगल देऊन खिळे जुळवणारे, मुद्रितशोधक आणि पहाटे गठ्ठे सोडणारे विक्रेते यांच्याकडे वळलो आहो. वाचकांच्या संग्रही जुनी कात्रणे, वर्गणीच्या पावत्या वा आठवणी असल्यास अवश्य कळवाव्यात. नकला पाठवाव्यात, अस्सल कागद मात्र स्वतःपाशीच जपून ठेवावेत.