पहले पानी देख

आमच्या अहेरीत रेल्वे नाही. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात एकच स्टेशन, ते म्हणजे वडसा, आणि तेही आमच्यापासून फार लांब. इथली कित्येक मुलं आगगाडी पहिल्यांदा पाहतात ती बल्लारशाला गेल्यावर.

माझे अब्बा मात्र रेल्वेतले. नागपूरच्या मोतीबाग शेडमध्ये ते फायरमन होते. नागपूर, उमरेड, भिवापूर, नागभीड अशी अडीच फुटी रुळांवरची जी छोटी गाडी होती, तिच्या वाफेच्या इंजिनात कोळसा टाकण्याचं काम. अम्मीच्या इंतकालानंतर ते माझ्याकडे राहायला आले. नमाज, जेवण आणि खिडकीजवळची खुर्ची, एवढंच त्यांचं जग उरलं. हल्ली ऐकूही कमी येतं. "अब्बा, चहा?" "हां." दिवसभराचं बोलणं तेवढ्यातच संपायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका संध्याकाळी मगरिबनंतर मी मुलावर ओरडले. नववीतला पोरगा, सारखा मोबाईल. फोन हिसकावून घ्यायला गेले, तर तो नानांच्या खुर्चीच्या हातावर बसलेला, आणि दोघं मिळून काहीतरी बघत होते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ड्युरँगो नावाचं गाव आहे. तिथून सिल्व्हर्टनपर्यंत सुमारे ७२ किलोमीटरची अरुंद रेल्वे आहे. चांदीच्या खाणींसाठी १८८२ साली ती सुरू झाली. १९२३ आणि १९२५ सालची वाफेची इंजिनं तिथे अजून धावतात. त्या यार्डात कॅमेरे लावलेत आणि तिथलं दृश्य घरबसल्या दिसतं. आपल्याकडे संध्याकाळचे सात, तेव्हा उन्हाळ्यात तिथे सकाळचे साडेसात. इंजिनं शेडबाहेर येण्याची वेळ.

काळं इंजिन हळूहळू पुढे आलं, बाजूने पांढरी वाफ सुटली. अब्बा एकदम म्हणाले, "चढते ही पहले पानी देखना. आग बाद में."

मुलाने विचारलं, "क्यूँ नाना?"

आणि अब्बा बोलायला लागले. बॉयलरला एक काचेची नळी असते, तिच्यात पाण्याची पातळी दिसते. फायरमनने इंजिनावर पाय ठेवला की आधी ती नळी बघायची. पाणी फार खाली गेलं, तर भट्टीच्या वरचा पत्रा उघडा पडतो, तापून लाल होतो आणि बॉयलर फुटू शकतो. त्यासाठी पत्र्यात एक खास बूच बसवलेलं असतं. पत्रा फार तापला की बुचातली मऊ धातू वितळते, वाफ भट्टीत शिरते आणि फायरमनला इशारा मिळतो. "वो पिघला, तो समझो अपनी बेइज्जती," अब्बा म्हणाले. त्यांच्या नोकरीत एकदाही वितळलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

चार दिवसांनी त्यांनीच विचारलं, "इनका बेलचा कहाँ है?" खरंच, कुणाच्या हातात फावडं दिसत नव्हतं. मी शोधलं. २०१८ साली त्या खोऱ्यात मोठा वणवा लागला. इंजिनातून उडालेल्या ठिणगीने तो लागला, असा दावा सरकारने केला. पुढे २०२२ मध्ये रेल्वेने २ कोटी डॉलर द्यायचं कबूल करून प्रकरण मिटवलं. दरम्यान तिथली इंजिनं कोळशावरून तेलावर वळवण्यात आली. मोहफुलांच्या दिवसांत आपल्या जंगलात पाचोळ्याला लागलेली आग आम्ही दर वर्षी पाहतो. त्यामुळे अब्बांना ते लगेच पटलं. "अच्छा किया," म्हणाले. मग जरा थांबून, "मगर फिर वो फायरमन काहे का?"

त्या रात्री मीही एक प्रश्न विचारला. लहानपणी मला एक गोष्ट कळायची नाही. रमजान होऊन कित्येक महिने झालेले असायचे, आणि ऐन थंडीत अब्बा एकटेच रोजे ठेवायचे. अम्मी पहाटे उठून त्यांच्यासाठी एकट्यासाठी सेहरी करायची. का?

"उन्हाळ्यात भट्टीसमोर बेलचा चालवताना रोजा निभत नव्हता, बेटी. पाणी प्यावंच लागायचं. सुटलेले रोजे वहीत लिहून ठेवायचो. थंडीत कजा करायचो."

मी उठून आत गेले. कारण मला दुसरंच काही आठवत होतं. ड्युटीवरून आलेले त्यांचे काळे हात. शाळेच्या फाटकाशी ते दिसले, तेव्हा मैत्रिणींसमोर मी खाली घातलेली मान. बीएडच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'रेल्वे कर्मचारी' लिहिलं होतं. खोटं नव्हतं ते. पण 'फायरमन' लिहायला मला लाज वाटली होती, हे माझं मला ठाऊक आहे.

हे मी अब्बांना सांगितलं. त्यांना नीट ऐकू आलं की नाही, कोण जाणे. म्हणाले, "कल इंजिन कितने बजे निकलेगा?"

नागपूर-नागभीडची ती छोटी गाडी रुंदीकरणासाठी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. मोतीबागेत मात्र २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे आणि जुनी इंजिनं तिथे जपून ठेवली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत अब्बांना तिथे न्यायचं ठरलंय, इन्शाअल्लाह. इंजिनावर चढून पाण्याची नळी दाखवायची, असं त्यांनी नातवाला कबूल केलंय.

शाळा सुरू झाल्यावर मुलाने निबंध लिहून आणला. पहिलं वाक्य होतं : 'माझे नाना फायरमन होते.' मी शिक्षिका आहे, लाल पेन हातातच होता. तो तसाच खाली ठेवला.