बाहुलीचा वाडा घरीच बांधू या

उज्जैन म्हटले की महाकाल, क्षिप्रा आणि सांदीपनी आश्रम ही नावे चटकन ओठांवर येतात. आपल्या गावाची आणखी एक ओळख मात्र आपण फारशी सांगत नाही. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ हे संस्कृत नाटक याच उज्जयिनीत घडते आणि त्याला नाव मिळाले आहे ते एका खेळण्यावरून. मृच्छकटिक म्हणजे मातीची गाडी. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे आपल्या आजी-आजोबांना तरी ते परके नाही.

त्यातला प्रसंग असा. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळतो. ती गाडी परत गेल्यावर दासी रदनिका त्याला मातीची गाडी करून देते. पोर ऐकत नाही, त्याला सोन्याचीच हवी. वसंतसेनेला त्याचे रडणे पाहवत नाही. ती अंगावरचे दागिने उतरवून गाडीत भरते आणि यांची सोन्याची गाडी करून घे म्हणते. पुढे हेच दागिने न्यायालयात चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात आणि बिचारा वधस्तंभापर्यंत जाऊन पोहोचतो.

वसंतसेनेचे मन मोठे, यात शंका नाही. पण आम्हांला या प्रसंगात आजच्या घराघरांतले चित्र दिसते. शेजारच्या मुलाकडे आहे, म्हणून आपल्याला हवे. मूल रडले की आईवडिलांच्या पोटात कालवते आणि खिशात हात जातो. घरी बसून हाताने गाडी करून देणाऱ्या रदनिकेची बाजू कोणीच घेत नाही. या लेखात आम्ही ती घेणार आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: येत्या दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना शक्य आहे त्या पालकांनी मुलांना बरोबर घेऊन बाहुलीचे एक लाकडी घर बांधावे. ते घर परदेशी चित्रातल्या गुलाबी बंगल्यासारखे नसावे. ते आपल्या वाड्यासारखे असावे.

वाडाच का, याला कारण आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपले ठाणे केले आणि त्यांच्या मागोमाग अनेक मराठी कुटुंबे माळव्यात आली. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी ही घरे येथेच राहिली. ओसरी, माजघर, देवघर, माडी, लाकडी खांब, जाड तुळया, भिंतीतले कोनाडे हे सारे आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोळी होते. आज त्यातले किती उरले आहे? वाटण्या झाल्या, वरती स्लॅब पडले, आणि आता २०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीत जुन्या शहरातले रस्ते रुंद होत आहेत. रस्ते रुंद व्हावेत की नाही, हा या पानाचा विषय नाही. पण जे घर उद्या नसेल, त्याचे माप आज घेता येते. आजीने सांगावे, नातवाने टेप धरावा, नातीने वहीत लिहावे. ‘माजघर’ हा शब्द पुस्तकात वाचून कळत नाही. बोटाएवढ्या बाहुलीला ओसरीवरून माजघरात नेताना तो कळतो.

आता थोडे कामाचे. जगभर बाहुलीच्या घराचे एक सोयीचे प्रमाण रूढ आहे, एकास बारा. म्हणजे एका फुटाचा एक इंच. सहा फुटी दार सहा इंचांचे, नऊ फुटी भिंत नऊ इंचांची, पाच फुटांची आजी पाच इंचांची. दुमजली घर दोन फूट रुंद आणि एक फूट खोल धरले, तर तळ, मधला तक्ता, छप्पर, दोन बाजू, पाठ आणि दोन आडभिंती मिळून साधारण चौदा चौरस फूट लाकूड लागते. आठ बाय चारच्या प्लायच्या अर्ध्या तुकड्यात ते बसते. प्लाय नऊ मिलिमीटरचा पुरे. वखारीत किंवा सुताराकडे जोडकामातून उरलेले तुकडे मिळाले तर त्याहून बरे.

मोठे काप सुताराकडून किंवा घरच्या मोठ्यांनी करवतीने करून घ्यावेत. कडा काचकागदाने घासणे, गुण्या लावून कोपरा पाहणे, गोंद लावणे, बारीक चुका ठोकणे हे मुलांचे काम. समोरची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे तीन-चार मुलांचे हात एकाच वेळी आत जातात. भांडणे निम्म्याने कमी होतात! पडद्यांना आणि गादीला भैरवगडच्या छापील कापडाची चिंधी शोभून दिसेल. जुन्या काडेपेट्यांचे कपाट आणि आइसक्रीमच्या काड्यांचा झोपाळा मुलेच सुचवतील.

विद्यार्थी मित्रांनो, यात गणितही लपले आहे. तुमचे घर लांबीने बाराव्या भागाचे झाले, पण त्याच्या फरशीचे क्षेत्रफळ १४४ व्या भागाचे झाले आणि आतली जागा १७२८ व्या भागाची. असे का, हे पाठ करू नका, घराशेजारी बसून काढून पाहा.

काही गोष्टी कटाक्षाने सांभाळाव्यात. रंग शिसे नसलेलाच घ्यावा. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाला ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, पण घरात पडून असलेल्या जुन्या डब्याला ती कोण लावणार? तीन वर्षांखालील भावंड घरात असेल तर सुटे बारीक सामान त्याच्या हाती पडू देऊ नये. दिव्यांसाठी बटनासारखे चपटे सेल वापरू नयेत. ते गिळले गेले तर काही तासांत अन्ननलिकेला इजा होते.

पालकांचे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. पहिला, वेळ कुठे आहे? हे खरे आहे, विशेषतः जेथे दोघेही नोकरीला जातात तेथे. पण हे घर एका दिवसात व्हायला नकोच. चार रविवार लागले तर लागू द्यावेत. मुलाला घराइतकेच ते चार रविवार मिळतात. दुसरा आक्षेप, बाहुलीचे घर मुलींचे. याला आमचे उत्तर असे की जो मुलगा चूल मांडील, झाडू ठेवील आणि पाहुण्यांना पाणी देईल, तो पुढे कोणाच्या तरी घरात उपयोगीच पडेल. आणि करवत, गुण्या मुलीच्या हाती गेले तर बिघडले काय? तिसरा आक्षेप, बाजारात सुबक मिळते. मिळते, आणि विकत घ्यायचेच तर आपल्या बुधनीची किंवा सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी घ्यावीत, कारागिराला दोन पैसे मिळतील. मात्र वाकडा जिना स्वतः लावलेल्या घराशी मुलाचे जे नाते जडते, ते सुबकपणाने जडत नाही.

सुबकपणाची हद्द पाहायची असेल तर एडविन लट्येन्स यांचे नाव घ्यावे लागेल. नवी दिल्लीची आखणी करणाऱ्या या वास्तुविशारदाने १९२१ ते १९२४ या काळात इंग्लंडच्या मेरी राणीसाठी एकास बारा मापाचे बाहुलीघर केले. त्यातल्या नळांना पाणी येते, विजेचे दिवे लागतात, ग्रंथालयात त्या काळच्या लेखकांनी लिहून दिलेली इवलाली पुस्तके आहेत. विंडसरच्या किल्ल्यात लोक ते पाहायला जातात. पण ते पाहण्यासाठीच होते, खेळण्यासाठी नव्हे.

शालेय प्रदर्शनांत हल्ली जे मांडले जाते, त्याची जात बरीचशी हीच असते. मूल बाजूला उभे, आणि प्रतिकृती वडिलांची किंवा दुकानातली. परीक्षक सफाईला गुण देतात, आणि ज्याने स्वतः ठोकले त्याचा नंबर मागे राहतो. त्या मुलाला यातून जो धडा मिळतो, तो आपण कोणत्याही वर्गात मुद्दाम शिकवला नसता.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. एक, शाळेने करवती, हातोड्या, गुण्ये आणि काचकागद यांची एक पेटी घ्यावी आणि ती पुस्तकाप्रमाणे घरी न्यायला द्यावी, म्हणजे ज्यांच्याकडे अवजारे नाहीत ती घरे मागे राहणार नाहीत. दोन, सुट्टीपूर्वी एका शनिवारी एखाद्या अनुभवी सुताराला मानधन देऊन शाळेत बोलवावे आणि त्यांना ‘गुरुजी’ म्हणूनच मुलांपुढे बसवावे. तीन, स्नेहसंमेलनात ही घरे मांडावीत, पण नंबर काढू नयेत. प्रत्येक घरापुढे मुलाने स्वहस्ते एक कागद ठेवावा: हे घर कोणाचे, कोणत्या गल्लीत होते किंवा आहे, आणि यात मी स्वतः काय केले.

असे वीस कागद जमले तरी उज्जैनच्या मराठी घरांची एक छोटी नोंद शाळेकडे तयार होईल. पालकांनी सुट्टी लागण्याची वाट पाहू नये. आजोळच्या घराचे माप या रविवारीच घ्यावे. लाकूड पुढच्या महिन्यातही मिळेल.